अठरा इंचांवरच्या रेघा

आई: आधी ते फडकं खाली ठेव. मग बोल.

मुलगा: अगं, पलंगापासून बाथरूमपर्यंत सगळी फरशी खडूने गिरगटलेली. तू गिऱ्हाइकाकडे कपडे द्यायला गेलीस, म्हटलं तेवढ्यात पुसून घेऊ.

आई: दोन दिवसांसाठी येतोस आणि नेमकं तेच पुसतोस. कापडावर खुणा करायच्या खडूने मारल्या होत्या मी त्या रेघा. टेपने मोजून, अठरा-अठरा इंचांवर.

मुलगा: पण कशाला?

आई: तुझे बाबा चालावेत म्हणून. फोनवर मी सांगत होते तेव्हा नुसतं हो-हो करत होतास. डॉक्टर म्हणाले, मेंदूत काही पेशी सारख्या ‘थांब’ म्हणत असतात. आपण पाऊल उचलायचं ठरवलं की त्या गप्प बसतात. ह्यांच्या बसत नाहीत. पार्किन्सन म्हणजे नुसता हात थरथरणं नव्हे. समोर रेघ दिसली, की ती ओलांडायला पाय उचलतो.

मुलगा: मला वाटलं, हट्टाने उभे आहेत. पंधरा मिनिटं दारात. चेहऱ्यावर काही म्हणून नाही. शेवटी हात धरून ओढलं.

आई: आणि पाडलंस. गुडघा बघ त्यांचा. पायजमा ओला झाला तो वेगळाच.

बाबा: पायजम्याचं सोड.

आई: का सोडू?

बाबा: तीस वर्षं बस चालवली मी. ब्रेक लागलेली गाडी कोणी ओढतं का रे?

मुलगा: चुकलं, बाबा. पण आई, खडूवर किती दिवस काढणार? चाकांची खुर्ची आणतो उद्या.

आई: लागेल तेव्हा मीच आणीन. लग्न झालं तेव्हा ह्यांच्या एका पावलात माझी दोन व्हायची. बाजारातून येताना मी पिशव्या घेऊन मागे धापा टाकायचे आणि हे कोपऱ्यावर उभे राहून हसायचे. हा माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या पायांनी बाथरूमला जाईल. खडू घे. टेप मशीनवर आहे.

मुलगा: मी मारू?

आई: पुसल्या कोणी?

(मुलगा गुडघ्यांवर बसून रेघा मारतो.)

बाबा: सरक आता.

आई: त्यांना हात लावू नकोस. नुसता बाजूला हो.

बाबा: एक... दोन... ही वाकडी आहे.

मुलगा: थांबा, पुसून नीट मारतो.

बाबा: राहू दे. ओलांडली मी.