दुनळी

नवऱ्यांच्या उद्योगांचं मला सांगूच नका! पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट, आम्ही तेव्हा जपानमध्ये उरायासुला राहायचो. बाल्कनीत कुरडया वाळत घातल्या की कावळे हजर, आणि तिथले कावळे म्हणजे आपल्या घारीएवढे.

माझा नवरा शिरीष पडला संशोधक. त्याने पाणी उडवायच्या दोन खेळण्यातल्या बंदुका आणल्या, लोखंडी क्लिपने एकमेकींना आवळल्या आणि एका खटक्यात दोन्ही उडतील अशी दुनळी बनवली. पहिल्याच बाराला कावळा कोरडा आणि हा चिंब! पण समोरच्या बाईंना दिसली फक्त बंदूक. संध्याकाळी दारात पोलीस. म्हटलं, गेला आपला व्हिसा.

पोलिसाने दुनळी उलटसुलट पाहिली, बेसिनमध्ये उडवूनही पाहिली. मग गंभीरपणे म्हणाला, "यात एक अडचण आहे."

शिरीष पांढराफटक. "लायसन्स लागतं का?"

"छे, खेळणंच आहे. पण कचऱ्यात टाकताना काय कराल? प्लास्टिकचा दिवस वेगळा, लोखंडाचा वेगळा."

ती क्लिप काही केल्या सुटेना. शेवटी परत येताना दुनळी सामानातून पुण्याला आणली. जपानात ती बाळगायला बंदी नव्हती हो, टाकायला होती!