नमुना नोंदवही

(रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून आई कोटाला इस्त्री करते आहे. वडील आणि मुलगी उरलेल्या कोपऱ्यात समोरासमोर.)

वडील : तीस वर्षं मतदान यंत्रांचं गोदाम सांभाळलं, तेव्हा तिकडे कुत्रं फिरकलं नाही. आता सभागृहाची समिती दारात गाडी पाठवतेय आणि तू म्हणतेस जाऊ नका!

मुलगी : जाऊ नका असं कुठे म्हटलं मी? तिथे सांगणार काय, एवढंच विचारतेय.

वडील : मार्गदर्शन करणार. पत्रात तसंच लिहिलंय. 'निवडणूक यंत्रणा सुरक्षा विधेयकाबाबत अनुभवी गोदामपालाचे मार्गदर्शन.' ज्याला जन्मात घरचा फ्यूज बदलता आला नाही, तो यंत्रांवर मार्गदर्शन करणार. मजा आहे की नाही?

आई : फ्यूजचं तिथे बोलू नका म्हणजे झालं. मी शेजारच्या तीन घरांत सांगून आलेय.

मुलगी : आई, दोन मिनिटं इस्त्री बंद कर. बाबा, हे बघा. मी चार महिने या विधेयकाचा जो मसुदा लिहितेय ना, त्याचं शेवटचं पान. परिशिष्ट दोन.

वडील : 'सील तपासणीची नमुना नोंदवही. प्रत्येक गोदामपालाने याच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात.' छान आहे. अक्षर तर काय, मोत्यासारखं.

मुलगी : असणारच. सुलेखनात शाळेत दुसरी आले होते त्या वर्षी.

वडील : (पान पालथं ठेवत) कोटाची इस्त्री झाली का गं?

आई : काय झालं? एकदम कोटावर कुठे आलात?

मुलगी : हे बाबांच्या गोदामातलं रजिस्टर आहे, आई. सत्तावीस वर्षांपूर्वीचं. एकशे बेचाळीस मशीनं आणि एकशे बेचाळीस वेळा 'सील तपासले, शाबूत आहे.' पलंगावर पालथी पडून मी लिहिलंय ते. खाली सही बाबांची.

वडील : तुला सुट्टी होती. म्हटलं, अक्षराचा सराव होईल.

मुलगी : पानाला एक चॉकलेट मिळायचं.

आई : थांबा, थांबा. हिने घरी बसून लिहिलं, म्हणजे सील बघितली कोणी?

वडील : अगं, सील मशीनच्या पाठीवर. मशीनं चार-चार एकावर एक रचलेली. खालचं बघायचं तर वरची तीन उतरवा. माझी कंबर ही अशी. पहाटे मशीनं मतदान केंद्रांवर न्यायला गाड्या लागणार. सील ज्या खोक्यातून आली, त्यावर छापलेले त्यांचे आकडे मी घरी आणले. सगळेच तसं करायचे.

मुलगी : सगळे नाही करायचे. दप्तरातून तीनशे रजिस्टरं काढली आम्ही. कुणावर चहा सांडलाय, कुणी खाडाखोड केलीय. 'सील तुटलेले.' 'नंबर जुळत नाही, साहेबांना कळवले.' एकाने तर लिहिलंय, 'मशीन क्रमांक साठ, मागे पाल.' ती सगळी माणसं मशीनं उतरवत होती, बाबा.

वडील : मग त्यातलं एखादं घ्यायचं नमुन्याला! माझंच कशाला?

मुलगी : एकही खाडाखोड नाही म्हणून. अध्यक्षीणबाईंनी ते पान सगळ्या समितीत फिरवलं. म्हणाल्या, कामाची शिस्त म्हणतात ती ही! आणि उद्या तुम्हाला बोलावलंय ते सत्काराला, मार्गदर्शन नुसतं नावाला.

आई : शाल देणार असतील.

मुलगी : पुष्पगुच्छ. मुद्दा तो नाही, आई. कलम नऊ मी लिहिलं होतं, की सील दोन माणसांनी तपासायचं, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, फोटो काढून. समितीने ते खोडलं. एका माणसाने एका पेनाने इतकं चोख काम केलंय, मग बाकीचा खटाटोप कशाला? आता कायद्यात एक माणूस आणि एक पेन उरलंय.

वडील : माझ्यामुळे?

मुलगी : आपल्यामुळे. शुक्रवारी ते पान हातात आलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसले. बाहेर शिपाई विचारतोय, मॅडम, तब्येत ठीक आहे ना?

वडील : कोणाचं काही नुकसान झालं नाही पण त्यात.

आई : त्या मास्तरीणबाई उभ्या होत्या तीच ना ही निवडणूक?

वडील : तू कशाला मधे...

आई : तेवीस मतांनी पडल्या होत्या. मला चांगलं आठवतंय. गोदामात आल्या होत्या ना तुमच्याकडे?

वडील : आल्या होत्या. म्हणाल्या, सील तपासली होती का, एवढंच बघायचंय मला. मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी एकेक पान बोट फिरवत वाचलं. मग बंद केलं, माझे आभार मानले आणि गेल्या.

आई : पुढे सगळं गाव त्यांना रडूबाई म्हणायला लागलं. हरल्यावर मशीनला नावं ठेवते म्हणून. नळावर मीही हसलेय. मोठ्याने. वर्षभरात घर सोडून गेल्या त्या.

मुलगी : त्यांच्या मशीनमध्ये काही झालं होतं का, बाबा?

वडील : माहीत नाही. बहुतेक नसेलच. पण नाही असं मला म्हणता येत नाही, आणि त्या दिवशी मी तसं म्हटलं. आता कोणालाच ते कळायचं नाही.

मुलगी : मी पान बदलू शकते. पालीवालं लावते. कोणी विचारणार नाही.

वडील : मग लाव की!

मुलगी : कलम नऊ तसंच राहील. बुधवारी मतदान आहे त्यावर.

वडील : आणि मी खरं बोललो तर तुझं काय?

मुलगी : मसुद्यावरून काढतील. पुढचं पुढे.

वडील : मी आजारी पडतो. रक्तदाब.

आई : तुमचा रक्तदाब माझ्याहून बरा आहे. आणि गाडी परत पाठवलीत तर त्या तीन घरांत सांगायला तुम्ही जायचं.

वडील : बरं. तू सरक जरा, कोट तिकडे घे. मॅडम, तुम्ही सरळ बसा. अध्यक्षीणबाई व्हा. मला सराव करू द्या.

मुलगी : आपण ही नोंदवही ओळखता?

वडील : ओळखतो. तत्कालीन मनुष्यबळाची कमतरता आणि एकंदर प्रतिकूल परिस्थिती लक्षात घेता...

मुलगी : सील तपासली होती का?

वडील : बहुतांशी.

मुलगी : बाबा.

वडील : नाही.

मुलगी : एकशे बेचाळीसपैकी किती तपासली?

वडील : एकही नाही.

मुलगी : नोंदवही कोणी भरली?

वडील : मीच भरली. अक्षर माझं आहे.

मुलगी : पुन्हा.

वडील : तुला कशाला ओढायचं त्यात? चार ओळी मी जरा सांभाळून घेतल्या तर...

मुलगी : ही परत खोटी नोंद झाली. नोंदवही कोणी भरली?

वडील : माझ्या मुलीने. अकरा वर्षांची होती. मी खोक्यावरचे आकडे वाचत होतो, ती लिहीत होती.

मुलगी : तपासणी झालेली नाही हे तिला ठाऊक होतं?

वडील : नव्हतं. पहिल्याच ओळीला पेन थांबवून तिने विचारलं, बाबा, तुम्ही सगळी बघून आलात ना? मी म्हटलं, हो, लिही तू.

मुलगी : हे... मला आठवत नाही.

वडील : मला आठवतं. मतदानाच्या आधी विचारणारी ती एकटीच होती.