हाराची कडी

(कुंभकोणम, १९८७. बालकृष्णराव उद्या तोंडाच्या ऑपरेशनसाठी तंजावरला इस्पितळात भरती होणार आहेत. वेदवती त्यांची बायको.)

वेदवती: हा फोटो कोणासाठी, तें सांगा आधी.

बालकृष्ण: हळू बोल. शेजारी ऐकतील.

वेदवती: ऐकू देत. स्टुडिओचा गुरुमूर्ति एवढी मोठी फ्रेम दारात ठेवून गेला. वरती हार अडकवायला कडी. गाठ काढून चार दिवसांत येतो म्हणालात ना? मग भिंतीवर चढायची घाई काय म्हणून?

बालकृष्ण: कडी मी सांगितली नाही. माझ्या वयाचा माणूस एकटा येऊन मोठा फोटो मागतो, तेव्हा तो न विचारता लावतो.

वेदवती: आणि तुम्ही नको म्हणाला नाहीत. पानात तंबाखू नको म्हणून मी जन्मभर ओरडले, तेव्हाही असेच गप्प. उद्या पंकजा बाळ घेऊन येईल, तिला हेंच दाखवू? तुझ्या अप्पांनी सगळी तयारी केली म्हणून?

बालकृष्ण: मरायसाठी नाही काढला तो.

वेदवती: मग?

बालकृष्ण: नुसती गाठ नाही. डावा जबडा काढणार. गाल आत ओढला जाईल. डॉक्टर म्हणाला, जगाल, पण हा चेहरा राहणार नाही.

वेदवती: कधी म्हणाला?

बालकृष्ण: मागल्या शुक्रवारी.

वेदवती: मज बाहेर बाकावर बसवलंत तेव्हा.

बालकृष्ण: हो.

वेदवती: गुरुमूर्तीस ठाऊक आहे?

बालकृष्ण: सांगावं लागलं. सारखा हसा, हसा म्हणत होता.

वेदवती: फोटोवाल्यास सांगितलंत. मज नाही.

बालकृष्ण: काय सांगू? पंकजाचं बाळ मला बघून किंचाळेल. तू ताट वाढून तोंड फिरवशील. तेव्हा भिंतीवर तरी बघायला काही असावं.

वेदवती: मी तोंड फिरवीन? दोन महिने भिंतीकडे वळून कोण जेवतं? मी का तुम्ही?

बालकृष्ण: वास येतो तोंडाला, वेदा.

वेदवती: येतो. मी त्याच खोलीत निजते. मज नाक नाही काय? भय वाटतं तर भय वाटतं म्हणा. परक्यापुढे जाऊन बसता कशाला?

बालकृष्ण: वाटतं. फार वाटतं.

वेदवती: ती फ्रेम ठेवा कोपऱ्यात. मज नको. इकडे उजेडात या.

बालकृष्ण: कशाला?

वेदवती: बघून ठेवते.