रिकामी दोरी

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात, रंगाच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या. एक म्हातारी, एक तिशीतली.

"परत बुरशीचं औषध, ग्रासिएते?"

"काय करू, दोना अर्मांदा? कपाटामागची भिंत काळी झालीय. पुसली की आठवड्यात पुन्हा तेच."

"जुन्या घरात ओल येणारच गं. पण एवढी? कपडे कुठे वाळत घालतेस?"

"घरातच. खुर्च्यांवर."

"मग त्या भिंतीनं तरी काय करावं? खिडकीबाहेर दोरी आहे ना तुझी!"

"पाऊस असतो हो."

"आज लख्ख ऊन आहे. गल्लीनं चादरीसुद्धा बाहेर काढल्यात. तुझी दोरी तेवढी रिकामी. आणि रात्रभर खोकतेस, समोर मला ऐकू येतं."

"बाहेर घातले की सगळ्यांना दिसतं ना."

"काय दिसतं?"

"माझेच कपडे आहेत ते. नुसते माझेच."

"...जासिंतो कधी सोडून गेला तुला?"

"नाताळाआधी. एक मोजासुद्धा मागे ठेवला नाही."

"अगं, मग बोलायचं नाहीस का मला? आमच्या म्हाताऱ्याचे शर्ट पाठवते. घाल तुझ्या कपड्यांशेजारी."

"त्यांचं पोट केवढं! ते जासिंतोचे वाटतील तरी का?"

"विचारलंच कुणी तर सांग, बायकोच्या हातचं खाऊन सुटलाय."

तिशीतली हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

"बोला, काय देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"औषध राहू दे," म्हातारी म्हणाली. "हिला कपड्यांचे चिमटे दे. चांगले घट्ट धरणारे. ओले शर्ट फार जड होतात."