वर्षभराची ऑर्डर

माझ्या शेवयांच्या मशीनवर ताडपत्री का पडली, असं सारखं विचारता ना दोघी? मग ऐकाच आता.

नवीन जालन्यातले एक दुकानदार वाटूरला आमच्या घरी माल बघायला आले होते. त्यांना वर्षभर, दर महिन्याला शेवया हव्या होत्या. ती ऑर्डर मिळाली असती, तर मी दुसरं मशीन घेऊन गल्लीतल्या बायकांना कामाला लावणार होते.

त्यांनी शेवई मोडून बघितली आणि म्हणाले, "माल एक नंबर आहे, ताई. फक्त वर्षभर खंड नको."

मी तोंड उघडायच्या आत आमचे मोठे काका बोलले, "वर्षभराचं कसं सांगावं, शेठ? औंदा लग्न करून राह्यलो तिचं. मंग मशीन विकून टाकू."

"काका, मी कधी म्हणाले बंद करीन म्हणून?"

"तू चहा आण, जाय."

चहा घेऊन आले, तर काका शेठला विचारत होते, "तुमच्याकडं आहे का एखादा चांगला पोरगा?"

आठवडाभरानं शेठचा फोन आला, तोही काकांनाच. ऑर्डर परतूरच्या एका माणसाला गेली होती.

"एवढंच सांगायला इतका वेळ बोलले?" मी विचारलं.

काका हसले. "त्यांच्या पुतण्यासाठी पोरगी पसंत आहे म्हणे. पण लग्नानंतर मशीन-बिशीन चालणार न्हाई. मी म्हणलं, बिलकुल!"

त्या आनंदात काकूनं खीर केली. शेठसाठी नमुना म्हणून बांधून ठेवलेल्या शेवयांची.