पुढच्या डब्यातली चक्कर

दवाखान्यातल्या बाकावर मांडीवरच्या बाळाला थोपटत एक तरुण आई शेजारच्या आजींचं बोलणं ऐकत होती. आजोबा नुकतेच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले होते.

“काय म्हणाले? मेंदूचं काही?” आजींनी विचारलं.

“छे गं. तपासणीत काही निघालं नाही. चक्कर कॉम्प्युटरमुळे येते.”

“गेममध्ये तुम्ही बांधता त्या रोलर कोस्टरमुळे?”

“रूळ आखून झाले की पुढच्या डब्यात बसल्यासारखं बघतो ना मी. दिवसभर.”

“अहो, इथे काळजीनं माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही, आणि तुम्ही घरबसल्या गरगरताय!”

“बंद करतो, बाई.”

“बंद कशाला? गेममधल्या जमिनीवरून बघा की.”

“एकटाच उभा राहून?”

“तिथेच खाली एक बाक काढा. दोघं बसून बघू.”

“सावलीत काढतो.”