लोहकणांच्या पोटातलं औषध

आत्या : म्हणजे तुझ्या प्रयोगशाळेतलं हे काळं पाणी तुला इतकी वर्षं वेळेवर घरी येऊ देत नव्हतं होय?

भाची : पाणी नाही गं आत्या, लोखंडाचे कण आहेत. इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसायचे नाहीत. आता बघ, बाटलीला बाहेरून चुंबक लावते.

आत्या : अगं बाई! सगळं काळं एका बाजूला धावलं की!

भाची : तीच तर गंमत! प्रत्येक कणाला जाळीसारखी भोकं आहेत. त्यांत औषध भरायचं, वरून पातळ लेप द्यायचा. कण रक्तात सोडायचे आणि कॅन्सरच्या गाठीजवळ बाहेरून चुंबक धरायचं. गाठीत आंबटपणा असतो, त्याने लेप विरघळतो. औषध सुटतं ते तिथेच.

आत्या : आणि बाकीच्या अंगात?

भाची : फार थोडं जातं.

आत्या : माझं तर मागच्या वेळच्या औषधाने नखशिखांत सगळं पोळून निघालं होतं.

भाची : म्हणूनच तर... इकडे ये, काचेतून बघ. डावीकडच्या उंदरांना नेहमीचं औषध दिलंय, उजवीकडच्यांना आमचं. गाठी दोन्हीकडच्या आटल्या.

आत्या : डावीकडचे कोपऱ्यात मान टाकून बसलेत. मी बसायचे तसेच. आणि हे इकडचे... अगं, हे जेवतायत!

भाची : हो. पोटभर.

आत्या : (काचेला हात टेकवून) जेवतायत.

सर : (आत येत) तुम्हीच आत्या ना? मी हिचा मार्गदर्शक. बसा, बसा. तुमची भाची भलती हट्टी आहे हं! कणांचे सारखे गोळे व्हायचे. मीच कंटाळून म्हटलं, विषय बदल. ऐकेल तर शपथ! लेप बदलत राहिली आणि शेवटी जमवलंनच.

आत्या : आमच्या घराण्याचाच गुण आहे तो.

सर : मग आता तुम्हीच हिला समजवा. पुढच्या महिन्यात परिषद आहे, जगभरचे लोक येणार. हिला बोलायला बोलावलंय, आणि ही म्हणते, जाणार नाही.

भाची : सर, तो विषय नको ना आत्ता...

आत्या : का गं? का नाही जाणार?

भाची : तुझी गाठ परत आलीय. त्याच आठवड्यात सलाईनमधून औषध सुरू होतंय. मागच्या वेळी उशाशी मी होते. या वेळी कोण बसणार?

आत्या : तुझा बाप बसेल. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन गावभर हिंडले, आता त्याची पाळी.

भाची : आत्या, हे औषध तुला नाही गं मिळणार. माणसांना द्यायला अजून कितीतरी वर्षं जातील.

आत्या : ते आलं माझ्या लक्षात. तेवढी भोळी नाही मी. पण कुणा बाईला तरी मिळेल ना? तिच्या घशाखाली घास उतरेल ना?

भाची : सगळं नीट झालं तर उतरेल.

आत्या : मग तिला का ताटकळत ठेवतेस? सर, हिचं नाव लिहून घ्या. ही जाणार.

सर : लिहिलेलंच आहे. मी खोडलंच नव्हतं.

आत्या : ऐकलंस? चल, डोळे पूस. या रिकाम्या खुर्च्या म्हणजे तुझी सभा. तिथे बोलणार तशी उभी राहून बोल बघू.

भाची : आत्ता? तुला काही कळायचं नाही त्यातलं.

आत्या : न कळू दे. तुला बोलताना बघायचंय मला.